रिव्हेटमागची काळी रेघ

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या शेजारच्या वहिनींचा फोन आला. लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला निघाल्या होत्या, कोल्हापूरच्या विमानतळावरून. कवलापूरचा विमानतळ व्हायचा तेव्हा होईल, तोवर आपल्याला उजळाईवाडीच. आवाज बारीक करून म्हणाल्या, "भाऊजी, आत बसवलं आणि परत उतरवलं. तांत्रिक बिघाड म्हणतात. विमानपण जुनंच दिसतंय हो, सीटचं कापड पार विटलंय. येऊ का माघारी?"

मी म्हटलं, निवांत बसा, चहा घ्या. विमान थांबवलंय म्हणजे कुणीतरी काहीतरी बघितलंय आणि वहीत लिहिलंय. न बघता सोडलं असतं तर मलाही घोर लागला असता.

माझी तीस-बत्तीस वर्षं मुंबईत विमानाच्या हँगरमध्ये गेली. त्यामुळे हा प्रश्न मला लग्नकार्यातसुद्धा सोडत नाही. जुन्या विमानात बसावं का? हवेत काही बंद पडलं तर?

हवेतलं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. विमानात महत्त्वाची प्रत्येक गोष्ट एकाहून जास्त असते. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर उडत राहून जवळच्या विमानतळावर उतरेल, असंच बनवलेलं असतं. आतला हवेचा दाब गेला तर वरून मास्क पडतात. त्यातला प्राणवायू साधारण बारा ते पंधरा मिनिटं पुरतो. तेवढ्यात पायलट विमान दहा हजार फुटांवर आणतो, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर. तिथं मास्कशिवाय श्वास घेता येतो. विमान झपकन खाली जातं तेव्हा ते पडत नसतं, पायलट मुद्दाम उतरवत असतो. आणि काय बंद असताना उडायला परवानगी आहे, कशाला तीन दिवसांची मुदत, कशाला दहा, याचं प्रत्येक विमानाचं पुस्तक ठरलेलं असतं. मुदत संपली की विमान जमिनीवर.

आता जुनेपणाचं. गाडी आपण वर्षांवर मोजतो, फार तर किलोमीटरवर. विमानाच्या सांगाड्याचं वय मोजायचं ते उड्डाणांवर. वर गेलं की आत दाब भरायचा, खाली आलं की सोडायचा. पूर्ण उंचीवर आतला दाब बाहेरच्यापेक्षा इतका जास्त असतो की दर चौरस मीटर पत्र्यावर साडेपाच टनांच्या आसपास रेटा येतो. उसानं भरलेली ट्रॉली म्हणा ना! पत्रा मात्र पातळ, दोन मिलिमीटरही नाही बऱ्याच ठिकाणी. प्रत्येक उड्डाणाला तो एकदा फुगतो, एकदा बसतो. तार उलटसुलट वाकवून तोडतो ना आपण, तसला प्रकार, फक्त हजारो उड्डाणांत पसरलेला.

अलोहा एअरलाइन्सचं एक बोइंग 737 होतं, 1969 साली बनलेलं. हवाई बेटांमध्ये या बेटावरून त्या बेटावर उडायचं. एक फेरी सरासरी पंचवीस मिनिटांची, आपली सांगली-मिरज बसच म्हणा. तासांनी बघितलं तर फार उडालेलं नव्हतं. पण फेऱ्या झाल्या होत्या 89,680. मूळ हिशेब होता 75,000 चा. त्यात चोवीस तास समुद्राची खारी हवा. 28 एप्रिल 1988 ला, 24,000 फुटांवर, पुढच्या भागाचं छप्पर अठरा फूट लांबीनं उडून गेलं. क्लॅराबेल लॅन्सिंग नावाच्या हवाई सेविका तेव्हा मधल्या वाटेत उभ्या होत्या, त्या बाहेर फेकल्या गेल्या. बाकी 94 माणसं उघड्या विमानात बसून तेरा मिनिटांनी माउई बेटावर उतरली. जिवंत.

चौकशीत कळलं की दोन पत्रे जिथं एकावर एक जोडतात तिथला चिकट थर सुटला होता, मधे गंज शिरला होता आणि रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, ओळीत बऱ्याच भोकांपाशी केसाएवढी चीर होती. एकटी चीर फारसं बिघडवत नाही. त्या सगळ्या एका दमात जोडल्या गेल्या. आणखी एक गोष्ट निघाली. चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळच्या पत्र्यावर लांब चीर दिसली होती. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. वाटलं असेल, एवढी मोठी कंपनी, त्यांना कळत नसेल का?

हँगरमध्ये पहिल्याच वर्षी आमच्या उस्तादांनी माझं बोट धरून पत्र्यावरून फिरवलं होतं. "डोळ्यावर जाऊ नकोस, नख फिरव." ढिला झालेला रिव्हेट दर उड्डाणाला किंचित हलतो, घासतो, आणि त्याच्यामागे वाऱ्याच्या दिशेनं बारीक काळी रेघ उमटते. आम्ही म्हणायचो, रिव्हेट धूर सोडतोय. आत गंज धरला असेल तर दोन रिव्हेटमधला पत्रा उशीसारखा जरासा फुगतो, तिरका टॉर्च मारला की दिसतो. आणि सगळ्यात जास्त गंज कुठं, सांगू का? संडासाच्या आणि गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या चहा-जेवणाच्या खोपटाच्या, खाली. वर्षानुवर्षं सांडलेला चहा, कोक आणि बाकीचं काय ते फटीतून खालच्या तुळयांवर उतरतं. फळी उचलली की गंजाची पांढरी भुकटी! विटलेल्या सीटकव्हरचं मला कधी काही वाटलं नाही. भीती वाटायची ती या फळीखालची.

आपल्याकडे गळीत हंगाम संपला की साखर कारखान्याची मिल उघडतात, रोलर काढतात, बेअरिंगं बघतात. विमानाचं तसं मोठं काम साधारण सहा ते दहा वर्षांनी निघतं. सीटा, संडास, आतलं अस्तर, सगळं उतरवून नुसता सांगाडा उभा करतात, रंगसुद्धा खरवडतात. काही आठवडे जातात. अलोहानंतर जुन्या विमानांसाठी वेगळे नियम आले, आणि 2010 मध्ये अमेरिकेनं नियमच काढला की मोठ्या विमानांच्या प्रत्येक जातीच्या सांगाड्याला उड्डाणांची किंवा तासांची कमाल मर्यादा ठरवा.

पण नियम असून भागत नाही. माझ्या लहानपणी बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं. आख करकरला की गाडीवान उतरून वंगण घालायचा, कुणी सांगावं लागत नसे. 31 जानेवारी 2000 ला अलास्का एअरलाइन्सचं एमडी-83 कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळलं, 88 माणसं गेली. शेपटीचा आडवा पंख वर-खाली करणारा एक जाड आट्यांचा रॉड असतो, त्यावर नट. त्या नटाचे आटे पार गेले होते. ग्रीस घालायची मुदत वर्षागणिक लांबवत नेली होती, आणि कामाच्या जागी ग्रीस नव्हतंच. त्याहून मला टोचतं ते 1997 चं. मोठ्या तपासणीत एका पाळीनं त्या नटाची ढिलाई मोजली, 0.040 इंच, म्हणजे एक मिलिमीटर, चालेल त्याची शेवटची हद्द. कामगारानं लिहिलं, नट बदला. नंतर दुसऱ्या पाळीनं पुन्हा मोजली. आली 0.033. विमान सोडलं. ती सही करणाऱ्याच्या जागी मी कितीतरी रात्री स्वतःला उभं केलंय. पहाटे चारला, सकाळचं विमान उभं, वरून फोनवर फोन, आणि हातात असा आकडा की जो नियमात बसतो. सही न करायला काय लागतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

आणि सगळं खापर म्हातारपणावर फोडू नका. 5 जानेवारी 2024 ला पोर्टलँडहून निघालेल्या विमानाच्या दाराचा बुजवलेला भाग हवेत निघून गेला. ते विमान काही महिन्यांचंच होतं. चार बोल्ट बसवायचे राहिले होते.

वहिनींचं विमान त्या दिवशी दीड तासानं सुटलं. नातू झाला, त्या परत आल्या, मी त्यांना हे सगळं व्हरांड्यात बसून सांगितलं. मग दिवाळीनंतर पुन्हा हैदराबाद. शिडी चढताना बाईंनी दाराशेजारचे रिव्हेट बघितले, एकापाशी काळं दिसलं, आणि थांबून हवाई सुंदरीला सांगितलं. मागचे लोक चिडले. इंजिनिअर आला, फडक्यानं पुसलं. निव्वळ तेलकट मळ.

रात्री मला फोन. "भाऊजी, सगळ्यांसमोर फजिती झाली हो माझी. पण त्यानं पुसल्यावर परत एकदा टॉर्च मारून बघितलं बरं का. तिरका."

नमस्कार.