गंगेत घोडं न्हाल्यानंतर
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुम्ही सगळे गॉथिक प्रेमकथांचे, म्हणजे प्रेम आणि भय एकाच घरात नांदणाऱ्या कथांचे शौकीन आहात, त्यामुळे प्रस्तावना करत नाही. घोडागाडी, नाचाचे समारंभ, अबोल पण देखणा जमीनदार, साधी हुशार मुलगी. तासभर आपण त्यांच्या प्रेमात रमतो. आणि मग कुलूपबंद दालन, मध्यरात्रीची पावलं, वरच्या मजल्यावरून येणारं हसू. अशा सिनेमांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो, ‘दिग्दर्शकाला नक्की प्रेमकथा करायची होती की भयपट?’ मला हा आक्षेप मुळातच मान्य नाही. गोष्ट वळत नाही, ती सरळच चाललेली असते. इतर प्रेमकथा लग्न लागलं की गंगेत घोडं न्हालं म्हणून आपल्याला घरी पाठवतात. ही गोष्ट नवरीच्या पाठोपाठ त्या घरात शिरते.

आणि त्या घरात भिण्यासारखं काय होतं, हे इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यात सापडतं. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडितानं १७६५ साली स्वच्छ लिहिलंय, लग्नानंतर स्त्रीचं कायद्यापुरतं वेगळं अस्तित्व स्थगित होतं. तिची रोकड, दागिने, चीजवस्तू नवऱ्याची. जमीन तिच्या नावावर राहिली तरी उत्पन्न त्याच्या हाती. श्रीमंत बाप वकील गाठून मुलीचा पैसा विश्वस्तांकडे बांधून ठेवत. पण या कथांच्या नायिका पाहा, बहुतेक पोरक्या! लेखकांनी त्यांना आईबाप दिले नाहीत ते फक्त आपल्याला रडवायला नव्हे. लग्नाआधी कागद वाचून बघणारं कुणी त्यांच्या बाजूला नाही, पाणी तिथं मुरतंय. १८७० च्या कायद्यानं बायकोची कमाई तिची झाली आणि १८८२ च्या कायद्यानं तिची मालमत्ता. तोवर जवळजवळ एकशेवीस वर्षं भयकथा लिहिल्या जात होत्या, १७६४ च्या ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’ या कादंबरीपासून.

जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थअँगर ॲबी’ला सगळे विडंबन म्हणतात. ती गेल्यावर, १८१७ च्या डिसेंबरात आलेली कादंबरी. भयकथा वाचून वाचून नायिका कॅथरिनचं डोकं फिरलंय, जुन्या कपाटातून गूढ हस्तलिखित निघतं आणि ते असतं धोब्याचं बिल. इथं सगळे हसतात आणि पुस्तक मिटतात की काय कोण जाणे, कारण पुढचं कुणी सांगतच नाही. ज्या यजमान जनरल टिल्नीनं बायकोला मारलं असेल असा तिला संशय होता, तो खुनी नसतो, बरोबर. पण ही मुलगी श्रीमंत नाही एवढं कळताच तो तिला भल्या सकाळी घराबाहेर काढतो. एकटीला, सत्तर मैलांच्या प्रवासाला, सोबतीला नोकरसुद्धा न देता. धोब्याच्या बिलानं भीती खोटी ठरली नाही, ती नेमकी कुठं आहे ते दाखवलं.

आता ‘रिबेका’. हे माझं जुनं दुखणं आहे आणि आज मी ते पुरतं सांगणार आहे.

डाफ्ने द्यू मोरिएची कादंबरी १९३८ ची. नायिकेला नावसुद्धा नाही. एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण, पोरकी, मोंटे कार्लोत तिला विधुर मॅक्सिम भेटतो, लग्न होतं, ती मँडर्लीत, त्याच्या वाड्यात, येते. तिथं पहिल्या बायकोची, रिबेकाची, छाया प्रत्येक खोलीत. आणि मग मॅक्सिम सांगतो की, रिबेका अपघातानं बुडाली नाही. मी तिला गोळी घातली.

आता ही धाकटी बायको काय करते? पळते? किंचाळते? नाही. तिच्या मनात एकच विचार नाचतो, त्याचं रिबेकावर प्रेम नव्हतं! तिला आनंद होतो. समोर खुनाची कबुली आहे आणि हिच्या जिवावरचं ओझं उतरतंय. त्या क्षणी प्रेमकथा पूर्ण झाली आणि त्याच क्षणी भयकथाही पूर्ण झाली, दोन्ही एकाच वाक्यात. संपूर्ण साहित्यप्रकारात याहून भीषण पान मला सापडलेलं नाही. वाचताना आपणही तिच्याच बाजूचे झालेले असतो, आपल्यालाही वाटतं, सुटली बाई! पुस्तकाची खरी करामत ती.

१९४० साली हिचकॉकनं सिनेमा केला. निर्माता सेल्झनिक. पुस्तकाशी इमान राखायचं, असा त्याचा हट्ट इतका की हिचकॉकनं केलेला पहिला पटकथेचा आराखडा त्यानं फेटाळून लावला. पण हॉलिवूडची आचारसंहिता, तो प्रॉडक्शन कोड, आडवा आला. खून करणारा नवरा शिक्षेवाचून सुटून नव्या बायकोबरोबर सुखानं नांदतोय, हे पडद्यावर चालणार नव्हतं. मग काय केलं? रिबेका तोल जाऊन पडते, डोकं आपटतं, मरते. मॅक्सिमनं फक्त प्रेत लपवलं. झालं! एका ठेचेनं सगळं पुस्तक आडवं केलं. आता बायकोनं साथ दिली तर त्यात भ्यायचं काय राहिलं? बिचाऱ्याला सांभाळून घेतलं, एवढंच. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्यालाच मिळालं, आणि छायाचित्रणाचंही. छायाचित्रण खरंच अप्रतिम आहे, वाड्याची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स चालताना जवळजवळ दिसतच नाही, एकदम शेजारी उभी असते. मी तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघते आणि त्या प्रसंगाशी दरवेळी चिडते. नीती सांभाळायची म्हणून ज्यांनी खून काढला, त्यांनी त्या लग्नाला निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र देऊन टाकलं. यात कुठली नीती?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. आणि जाहिरातीत लिहिलं होतं की, प्रेमाकडून भयाकडचं हे वळण पडद्यावर कसं घेतात ते मी सांगेन. तर भरभर सांगते.

पहिला, दिवा. ‘गॅसलाइट’, १९४४, इन्ग्रिड बर्गमन. घर नायिकेचंच, तिला वाढवणाऱ्या गायिकेकडून वारशानं आलेलं. त्या घरातली रत्नं शोधायला नवऱ्यानं तिच्याशी लग्न केलंय. तो माळ्यावर दिवा लावतो, गॅसची नळी एकच, दाब विभागतो, म्हणून खाली तिच्या खोलीतली ज्योत मंदावते. तिला ते दिसतं आणि तो म्हणतो, तुझं डोकं ठिकाणावर नाही. पुढं पोलीस अधिकारी त्या खोलीत येतो, त्यालाही ज्योत उतरताना दिसते, आणि तिचा चेहरा पाहा! भूत कुठंच नाही. फक्त आणखी एक साक्षीदार.

दुसरी, किल्ली. ‘क्रिमसन पीक’, २०१५, गियेर्मो देल तोरो. नवी सून घरात येते, पण किल्ल्यांचा जुडगा नणंदेच्या कमरेला. तिकडं सुनेच्या वारशाच्या कागदांवर मात्र सही सुनेचीच हवी. या सिनेमात खरीखुरी भुतं आहेत, आणि ती तिला सावध करायला येतात, मारायला नाही.

तिसरा, वरचा मजला. ‘जेन एअर’, मूळ कादंबरी १८४७ ची. ते हसू जेनला ऐकू येतं तेव्हा घराचा मालक रॉचेस्टर, ज्याच्या ती पुढं प्रेमात पडते, त्याची आणि तिची ओळखसुद्धा झालेली नाही. मग मला सांगा, गोष्ट वळली कधी? त्या मजल्यावर कोंडलेली त्याची वेडी बायको बर्था तीस हजार पौंड घेऊन आली होती. त्यासाठीच ते लग्न ठरलं. वेडाच्या कारणावरून घटस्फोट इंग्लंडमध्ये १९३७ च्या कायद्यापर्यंत मिळत नव्हता, त्यामुळं रॉचेस्टरही अडकलेला, हे मी मान्य करते. पण कोंडली गेली ती बर्था.

शेवटी जेनला वीस हजारांचा वारसा मिळतो, ती चौघांत वाटते, स्वतःला पाच हजार ठेवते आणि स्वतंत्र बाई म्हणून त्याच्याकडे परत जाते. लोकांना हा सुखान्त वाटतो, मलाही वाटतो. पण साल १८४७ आहे. लग्नाआधी वेगळा करारनामा झाला नसेल, तर चर्चमधून बाहेर पडताना ते पाच हजार पौंड कुणाचे होते? चर्चा इथून सुरू करूया. मागच्या रांगेतला हात मला दिसतोय, बोला.