चित्राच्या पोटात चित्र

(पडद्यावर: दाट गवताचा फोटो. कॅमेरा हळूहळू जवळ सरकतो.)

हा गवताचा फोटो. पात्यांची गर्दी, मधूनच वाळलेला पिवळेपणा, खाली मातीची काळपट सावली. यात आणखी एक चित्र आहे. डोळे कितीही ताणले तरी ते दिसणार नाही. ते लपवायला खास सॉफ्टवेअरही लागलेलं नाही. फोटोशॉप किंवा फुकट मिळणारं गिम्प, एवढ्यावर काम भागतं.

(पडद्यावर: होल्बाइनचं चित्र, समोरून.)

चित्रात चित्र लपवण्याची हौस संगणकाच्या कितीतरी आधीची. लंडनच्या नॅशनल गॅलरीत हान्स होल्बाइनचं ‘द अ‍ॅम्बॅसडर्स’ आहे, 1533 सालचं. दोन रुबाबदार पुरुष, मधल्या मांडणीवर खगोलशास्त्राची उपकरणं, पृथ्वीचा गोल, एक तंतुवाद्य. आणि दोघांच्या पायाशी एक तिरपा, लांबट पट्टा. समोरून त्याचा काही अर्थच लागत नाही. चित्राच्या कडेला जाऊन तिरक्या नजरेनं पाहिलं, की तो पट्टा आक्रसतो आणि माणसाची कवटी समोर येते. होल्बाइननं ती झाकली नव्हतीच. उघड्यावर ठेवली, फक्त समोरच्या डोळ्याला कळू दिली नाही. त्यानं ते कोनाच्या जोरावर साधलं. आपल्या हातात आकडे आहेत.

(पडद्यावर: फोटो मोठा होत जातो, शेवटी एकच पिक्सेल उरतो.)

पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या एकेका बारीक ठिपक्यात, तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक 0 ते 255 मधला. या पिक्सेलचा हिरवा आकडा 174 आहे. शेजारी तोच 175 करून ठेवलाय. फरक सांगता येतो? नाही येत. या न दिसणाऱ्या फटीत एक अख्खं चित्र मावतं.

पहिल्यांदा सगळे जे करून बघतात ते सोपं आहे. दुसरा फोटो वरच्या लेयरवर, म्हणजे वरच्या थरावर, टाकायचा आणि ओपॅसिटी, म्हणजे त्याचा ठळकपणा, अगदी खाली आणायची. चित्र विरतं खरं, पण मोकळ्या आकाशावर किंवा साध्या भिंतीवर त्याच्या कडा भुतासारख्या उमटतात. नीट लपवायचं तर थोडं मोजूनमापून करावं लागतं.

(पडद्यावर: लेव्हल्सची खिडकी.)

आधी गवताचा फोटो घ्या. लेव्हल्समध्ये, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी बदलणाऱ्या खिडकीत, आउटपुटची पांढरी बाजू 255 वरून 252 वर आणा. अगदी पांढऱ्या ठिपक्यांमध्येही आता वर तीन पायऱ्यांची जागा झाली. हा फोटो वेगळा सेव्ह करून जपून ठेवा. चित्र परत काढताना तोच लागणार आहे.

आता लपवायचं चित्र. त्याला पोस्टराइझ लावा आणि पातळ्या 4 ठेवा. प्रत्येक रंगाच्या चारच छटा राहतात. मग लेव्हल्समध्ये आउटपुटची पांढरी बाजू थेट 3 वर ओढा. पडदा काळा होतो. सगळं पुसलं गेलं असं वाटतं, पण काहीही पुसलेलं नाही. 0, 1, 2 आणि 3 अशा चार पायऱ्यांमध्ये चित्र जसंच्या तसं बसलंय. हा काळा लेयर गवतावर ठेवा, ब्लेंड मोड, म्हणजे दोन लेयर मिसळायची पद्धत, बेरजेचा घ्या, फोटोशॉपमध्ये लिनियर डॉज, गिम्पमध्ये लेगसी यादीतला अ‍ॅडिशन. दोन्ही लेयर एक करा. झालं.

आता परतीची वाट. जपून ठेवलेला फोटो या नव्या फोटोवर ठेवा, मोड डिफरन्स, म्हणजे वजाबाकीचा, करा आणि दोन्ही लेयर एक करा. पुन्हा सगळं काळं. लेव्हल्स उघडा आणि या वेळी इनपुटची पांढरी बाजू 3 वर आणा.

(पडद्यावर: काळ्यातून चेहरा उमटतो. निवेदन काही क्षण थांबतं.)

रंग थोडे ढोबळ आहेत, छटा चारच आहेत, पण चेहरा ओळखू येतो. हा क्षण मला अजूनही थक्क करतो. काळ्या पडद्यावर काहीच नव्हतं, आणि तरी सगळं होतं.

समोरच्याकडे मूळ फोटो नसेल तर हाच खेळ बिटांच्या, म्हणजे आकडा ज्यांनी बनतो त्या 0 आणि 1 च्या, पातळीवर खेळतात. तिथे मात्र एडिटरऐवजी एखादा छोटा प्रोग्राम बरा पडतो. आपला 174 घ्या. चारनं भाग देऊन उरलेले 2 काढून टाकले, राहिले 172. लपवायच्या चित्रातला आकडा समजा 200. तो चार गटांपैकी सगळ्यात उजळ गटात येतो, म्हणून त्याचे 3. बेरीज 175. बदल फक्त एकाचा, आणि पाहणाऱ्याला मूळ फोटोची गरजच नाही. चारनं भागून उरलेली बाकी वाचली की चित्र हाती येतं.

(पडद्यावर: गवत आणि निरभ्र आकाश, शेजारी शेजारी.)

या कामात सॉफ्टवेअरपेक्षा फोटोची निवड महत्त्वाची, असं माझं ठाम मत आहे. निरभ्र आकाश, धुकं, रंगवलेली भिंत, यांना हात लावू नका. एकसारख्या रंगावर एका पायरीचा फरकही पट्ट्यांसारखा उमटू शकतो. वाळू, खडी, झाडांची पानं, लोकरीचं विणकाम, कमी उजेडातला दाणेदार फोटो, हे उत्तम. तिथे शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये मुळातच एवढी उलथापालथ असते की तुमच्या तीन पायऱ्या त्यात सहज मुरून जातात. त्यातही निळा रंग सगळ्यात सोयीचा. उजेडाची जाण आपल्याला मुख्यतः हिरव्यातून होते, निळ्याचा वाटा फार थोडा. लपवायचं चित्र एकरंगी असेल तर ते फक्त निळ्यात ठेवा.

मग फाइल सेव्ह करायची वेळ येते, आणि पुष्कळांची मेहनत इथेच वाया जाते. जेपीईजी हा फोटोंचा नेहमीचा फाइल-प्रकार फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि डोळ्याला न दिसणारे बारीक फरक टाकून देतो. आपण चित्र ठेवलंय ते नेमकं त्याच फरकांमध्ये. म्हणून पीएनजी हा दुसरा फाइल-प्रकार. त्यात एकही आकडा हलत नाही. फोटोचा आकार लहानमोठा करू नका, कारण पिक्सेल एकमेकांत मिसळतात. मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अ‍ॅप तो पुन्हा दाबतं.

एक शेवटची काळजी. ज्यात चित्र लपवलं तो फोटो इंटरनेटवरून उचललेला असेल, तर मूळ प्रत कुणालाही सापडू शकते. ती मिळाली की डिफरन्स आणि लेव्हल्स लावायचा अवकाश, आतली आकृती वर येऊ लागते. म्हणून फोटो स्वतः काढा, आधी कुठेही टाकलेला नसेल असाच घ्या, आणि त्याची प्रत ज्याला चित्र पाहायचंय त्याच्याशिवाय कुणाला देऊ नका.