टॅप करायची चिप तुमच्या फोनात, परवानगी कोणाची?

दुकानदार कार्ड मशीन पुढे करतो, तुम्ही फोन जवळ नेता, टिंग वाजतं आणि पैसे गेलेले असतात. त्या क्षणात नेमकं काय होतं ते आधी नीट बघू, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरूनच आहे.

मशीनच्या तोंडाशी १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं, पोच जेमतेम चार सेंटिमीटर. फोन त्यात शिरला की आतली एनएफसी चिप, म्हणजे अगदी जवळून बिनतारी बोलणारी चिप, बोलायला लागते आणि मशीनच्या दृष्टीनं समोर कार्डच आलेलं असतं. मशीन विचारतं कुठलं कार्ड, फोन उत्तर देतो, पण तुमचा खरा कार्ड नंबर देतच नाही, त्याच्या जागी एक टोकन देतो आणि सोबत त्या एका व्यवहारापुरता चालणारा कोड. तो कोड कोणी मधल्यामध्ये पकडला तरी दुसऱ्यांदा चालत नाही. फार विचार करून बांधलेली सिस्टीम आहे ही.

आता हे टोकन आणि त्याच्या गुप्त किल्ल्या फोनात ठेवायच्या कुठे? एक मार्ग म्हणजे सिक्युअर एलिमेंट, म्हणजे बाकीच्या फोनपासून वेगळी ठेवलेली छोटी बंदिस्त चिप. आणि ही चिप ज्याच्या ताब्यात, तो ठरवणार कुठलं वॉलेट, म्हणजे फोनवरून पैसे देणारं ॲप, चालेल आणि कुठलं नाही.

हे भांडण ॲपलपासून सुरू झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. २०११ मध्ये अमेरिकेत गूगल वॉलेट आलं आणि तिथल्या व्हेरायझन या मोबाइल कंपनीनं त्याच वर्षी गॅलेक्सी नेक्सस फोनवर ते येऊ दिलं नाही, कारण सांगितलं की हे वॉलेट फोनमधल्या सुरक्षित हार्डवेअरला हात घालतं. आणि त्याच वेळी व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल मिळून स्वतःचं वॉलेट बनवत होते, नाव होतं आयसिस, पुढे त्या नावाची दहशतवादी संघटना जगभर गाजली तेव्हा २०१४ मध्ये नाव बदलून सॉफ्टकार्ड केलं. म्हणजे सुरक्षेचं कारण आणि स्वतःचा धंदा एकाच तोंडातून बोलत होते.

गूगलनं यातून वाट काढली ती २०१३ मध्ये, अँड्रॉइड ४.४ सोबत. होस्ट कार्ड एम्युलेशन, थोडक्यात एचसीई. यात त्या बंदिस्त चिपची गरजच नाही, मुख्य किल्ल्या बँकेच्या सर्व्हरवर राहतात, फोनला फक्त थोड्या वेळापुरत्या किल्ल्या मिळतात आणि मशीनशी बोलायचं काम साधं ॲप करतं. म्हणजे कुठलीही बँक आपल्या ॲपमधून टॅप पेमेंट देऊ शकते, कोणाच्या दारात उभं राहायला नको.

आणि मग २०१४ मध्ये आयफोन ६ आला. एनएफसी होतं, पण पेमेंटसाठी फक्त ॲपलच्या स्वतःच्या वॉलेटला, ॲपल पेला. फ्लॅट घेतला, पूर्ण पैसे भरले, ताबा मिळाला आणि गच्चीची किल्ली बिल्डरनं स्वतःकडेच ठेवली, तसं. २०१७ मध्ये आयओएस ११ पासून बाकीच्या ॲपना एनएफसी टॅग, म्हणजे चिप लावलेले छोटे स्टिकर, वाचता यायला लागले, पण दुकानात पैसे देणं बंदच.

पहिली मोठी टक्कर ऑस्ट्रेलियात झाली. २०१६ मध्ये कॉमनवेल्थ, वेस्टपॅक, नॅब आणि बेंडिगो अँड ॲडलेड या चार बँकांनी तिथल्या स्पर्धा आयोगाकडे परवानगी मागितली की आम्हाला एकत्र येऊन ॲपलशी बोलणी करू द्या आणि ती होईपर्यंत ॲपल पेवर एकत्र बहिष्कार टाकू द्या. मार्च २०१७ मध्ये आयोगानं नाही म्हटलं. मग काय, ग्राहक ॲपल पे मागत राहिले आणि एकेक करून या बँकाही आत आल्या, कॉमनवेल्थ २०१९ मध्ये, वेस्टपॅक २०२० मध्ये.

स्वित्झर्लंडमधला किस्सा तर बघण्यासारखा आहे. तिथे ट्विंट नावाचं देशी पेमेंट ॲप आहे, त्याला आयफोनवर एनएफसी मिळत नव्हतं म्हणून ते क्यूआर कोडवर चालायचं. आता ग्राहक ट्विंट उघडून कोड स्कॅन करायला फोन मशीनजवळ नेणार, आणि मशीनचं क्षेत्र लागलं की स्क्रीनवर आपोआप ॲपल पे उघडायचं! स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली आणि २०१८ च्या शेवटी ॲपलनं हे थांबवायची सोय देण्याचं कबूल केलं.

ॲपलचं म्हणणं कायम एकच होतं, सुरक्षा. ते सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही, पैशाचा मामला आहे, काळजी हवीच. पण त्याच फोनमध्ये कॅमेरा आहे, माइक आहे, तुम्ही कुठे आहात ते सांगणारं लोकेशन आहे, हे काय कमी नाजूक आहे का? तिथे फोन मालकाला विचारतो, या ॲपला परवानगी द्यायची का, आणि आपण हो किंवा नाही म्हणतो. एनएफसीच्या बाबतीत मालकाला कोणी विचारलंच नाही, ते कंपनीनं परस्पर ठरवून टाकलं. आणि यात पैसाही होता. मार्च २०२४ मध्ये अमेरिकन सरकारनं ॲपलवर जो खटला भरला त्यात म्हटलंय की ॲपल पेवरून झालेल्या क्रेडिट कार्ड व्यवहारावर बँकांकडून ०.१५ टक्के घेतले जातात, म्हणजे १,००० डॉलरच्या खरेदीवर दीड डॉलर, आणि गूगल, सॅमसंगची वॉलेट्स बँकांना फुकट आहेत.

दार खरं उघडलं ते युरोपात. युरोपियन कमिशननं जून २०२० मध्ये चौकशी सुरू केली, मे २०२२ मध्ये लेखी आरोप ठेवले आणि ११ जुलै २०२४ ला ॲपलनं दिलेली वचनं कायद्यानं बंधनकारक झाली, ३० देशांत, दहा वर्षांसाठी. दुसऱ्या वॉलेटना एनएफसी फुकट, डीफॉल्ट वॉलेट कुठलं ते ग्राहक ठरवणार, बाजूचं बटण दोनदा दाबलं की तेच उघडणार. आणि हे सगळं कशावर चालणार, तर त्याच एचसीईवर! जे अँड्रॉइडवर २०१३ पासून चालू होतं. डिसेंबर २०२४ मध्ये नॉर्वेच्या व्हिप्स या पेमेंट ॲपनं आयफोनवर टॅप पेमेंट सुरू केलं, ॲपल पेशिवाय पहिल्यांदाच.

युरोपचा निकाल लागला आणि पुढच्याच महिन्यात ॲपलनं जाहीर केलं की आणखी काही देशांत एनएफसी आणि सिक्युअर एलिमेंट खुलं करतोय, पण करार करून आणि फी घेऊन. यादी होती ऑस्ट्रेलिया, ब्राझील, कॅनडा, जपान, न्यूझीलंड, ब्रिटन, अमेरिका. त्यात भारत नव्हता.

आपल्याला त्याचं फारसं वाटलं नाही कारण आपलं काम क्यूआरवर चालतंय. २०१६ मध्ये युपीआय आलं आणि भाजीच्या गाडीपर्यंत पोचलं, कारण कॅमेरा सगळ्याच ॲपना खुला होता आणि कोड कागदावर छापता येतो. पण सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतच युपीआय लाइट एक्स जाहीर झालं, इंटरनेट नसतानाही एका फोनवरून दुसऱ्या फोनवर पैसे, आणि ते चालतं एनएफसीवर. रेंज जाते अशा घाटातल्या गावांसाठी किती कामाची गोष्ट आहे ही! म्हणून मला मनापासून वाटतं की रिझर्व्ह बँकेनं आणि स्पर्धा आयोगानं आत्ताच मागणी लावून धरावी, भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनची एनएफसी चिप पेमेंट ॲपना फुकट आणि सारख्या अटींवर मिळाली पाहिजे, युरोपला मिळाली तशीच.