बारा मीटर खाली, काळ्या दगडासाठी

[दृश्य : हिवाळ्यातलं नांगरलेलं रान. नुकताच पाऊस पडून गेलाय. ढेकळांमध्ये पांढुरके, करडे, काळे दगड.]

इंग्लंडच्या दक्षिणेला आणि पूर्वेला मैलोन् मैल खडूची जमीन आहे. फळ्यावर लिहायच्या खडूसारखाच मऊ, पांढरा खडक. इथलं रान नांगरलं आणि त्यावर दोन-चार पाऊस पडले, की माती धुऊन जाते आणि दगड उघडे पडतात. बहुतेक दगड बांधावर जातात. पण एखादा उचलला की हातातच राहतो. काचेसारखा गुळगुळीत, पातळ, आणि कडेला अशी धार, की अंगठा फिरवताना जपावं लागतं.

ही चकमक. आपल्या आज्यापणज्यांच्या बटव्यात विस्तव पाडायला असायची, त्याच जातीचा दगड. फरक एवढाच, की हा तुकडा साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवून फोडलेला आहे.

ठरवून कशावरून? थंडीनं चकमक तडकते, नांगराच्या फाळानंही फुटते. म्हणून आधी धार पाहायची नसते, घावाची जागा पाहायची असते. माणसानं काढलेल्या कपचीला एका टोकाला बारीकशी सपाट जागा असते. घाव तिथे बसलेला असतो. त्याच्या लगेच खाली एक फुगवटा असतो. आणि त्या फुगवट्यापासून, विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तशा लाटा दगडावर गोठलेल्या दिसतात. तुकडा जरा तिरपा धरला, उन्हात फिरवला, की त्या लाटा स्पष्ट उमटतात. घाव कुठून आला आणि कोणत्या दिशेला गेला, हे आजही वाचता येतं.

[दृश्य : हातावर ठेवलेली कपची. कॅमेरा हळूहळू जवळ.]

अशी हत्यारं रानोमाळ सापडतात. चामडं खरवडायच्या तासण्या, पानाच्या आकाराची बाणाची टोकं, सुऱ्या, कुऱ्हाडी. पूर्वी गावकरी बाणाच्या या टोकांना पऱ्यांचे बाण समजत. गुरं आजारी पडली की याच बाणांनी पडली म्हणत, आणि कुणी ती टोकं चांदीत मढवून ताईत म्हणून गळ्यात घालत. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही योजना चालते. शेतात वस्तू सापडली, की ती कुठे सापडली याची नोंद तिथे करता येते. ही नोंद महत्त्वाची. दगडाला बाजारात फारशी किंमत नसेल, पण तो कोणत्या वावरातून, कोणत्या उतारावरून आला हे कळलं नाही, तर त्याची निम्मी गोष्ट हरवते.

पण आपण वावर सोडून आता जमिनीखाली जाणार आहोत. कारण रानात पडलेल्या चकमकीवर भागत असताना काही माणसं त्याच दगडासाठी बारा मीटर खाली उतरली होती.

[दृश्य : नॉरफोकमधलं गवताळ माळरान. शेकडो उथळ खळगे. वरून घेतलेलं दृश्य.]

हे ग्राइम्स ग्रेव्हज. पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातलं, थेटफर्डच्या जंगलाशेजारचं माळरान. वरून पाहिलं तर देवीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्यासारखं दिसतं. निदान ४३३ खळगे मोजलेत. अँग्लो-सॅक्सन लोकांनी त्यांचं नातं ग्रिमशी, म्हणजे त्यांच्या वोडेन देवाशी जोडलं. ग्रेव्हज म्हणजे इथे थडगी समजू नका, खणलेले खड्डे. देवानं खणलेले खड्डे. माणसानं एवढं खणलं असेल हे त्यांच्या मनातही आलं नसावं.

१८६८ मध्ये विल्यम ग्रीनवेल नावाच्या धर्मगुरूंनी त्यातला एक खळगा उपसायला घेतला. काम १८७० पर्यंत चाललं. वरच्या वर एखादी जुनी वस्ती लागेल असं वाटत होतं, पण माती संपेना. खळगा खाली जातच राहिला, आणि जवळजवळ बारा मीटरवर तळ लागला. चार मजली इमारत उलटी जमिनीत खुपसावी, एवढी ती विहीर होती. तळाशी चारी बाजूंना भुयारं फुटलेली होती. ती नवाश्मयुगातली, म्हणजे दगडी हत्यारांनी शेती करणाऱ्या माणसांच्या काळातली, चकमकीची खाण होती. इथलं मुख्य खोदकाम इ.स.पू. २६५० च्या सुमारास सुरू झालं, असं आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे स्टोनहेंजचे प्रचंड दगड उभे राहत होते, त्याच काळातली ही माणसं.

[दृश्य : खाणीची उभी भिंत. पांढऱ्या खडूत काळ्या दगडाचे आडवे थर.]

भिंतीकडे नीट पाहा. पांढऱ्या खडकात काळ्या गाठींच्या आडव्या ओळी दिसतात. सात ते दहा कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चुना साचत गेला, त्याचा खडू झाला. त्याच गाळात स्पंजांच्या सांगाड्यांमधली सिलिका, वाळूत असते तीच, विरघळली, आणि किड्यांनी, खेकड्यांनी पोखरलेल्या बिळांमधून, पोकळ्यांमधून पुन्हा घट्ट झाली. म्हणून तर चकमकीच्या गाठी अशा वेड्यावाकड्या, आल्याच्या गड्ड्यांसारख्या असतात.

दख्खनच्या पठारावर खडू नाही, चकमकही नाही. पण सिलिका आहे. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये ती कॅल्सेडनी होऊन बसली. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची घरं उघडी पडली, तिथल्या कॅल्सेडनीच्या बारीक पात्यांवर अशाच लाटा आहेत. काळ वेगळा, माणसं वेगळी, दोघांची कधी गाठ पडली नाही. दगड मात्र दोन्हीकडे एकाच रीतीनं फुटतो.

ग्राइम्स ग्रेव्हजच्या भिंतीत चकमकीचे तीन मुख्य थर आहेत. सगळ्यात वरचा टॉपस्टोन, मधला वॉलस्टोन, तळचा फ्लोअरस्टोन. ही नावं जवळच्या ब्रँडन गावच्या खाणकामगारांची. त्या गावानं पुढे चकमकीच्या बंदुकांचे दगड घडवून पोट भरलं. नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रिटिश फौजेच्या बंदुकांत तेच दगड होते. मराठीत लढाईतल्या झटापटीला आपण चकमक म्हणतो, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

नवाश्मयुगातले खणणारे पहिल्या दोन थरांपाशी थांबले नाहीत. टॉपस्टोन ओलांडला, वॉलस्टोन ओलांडला, आणि फ्लोअरस्टोन लागेपर्यंत खाली गेले. तिथे मोठ्या, सपाट, एकसंध, शाईसारख्या काळ्या लाद्या मिळतात. त्यांना थंडीची तडक नाही, मध्ये दोष नाही. असा दगड घावाला फसवत नाही.

मोठी खाण खणायला दोन हजार टनांहून जास्त खडू उपसावा लागला असेल, वीस माणसं पाच महिने राबली असतील, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तोही लोखंडाशिवाय, कुदळ-पहारीशिवाय. त्यांची कुदळ म्हणजे लाल हरणाचं शिंग. आपल्या सांबरासारखंच या हरणाचंही शिंग दर वर्षी गळून पडतं. वसंतात रानातून ती शिंगं गोळा करायची, एक फाटा ठेवून बाकीचे तोडायचे, की झाली कुदळ. तो फाटा खडूच्या चिरेत ठोकायचा आणि पहारीसारखा रेटा देऊन ढलपा काढायचा. ढलपा, मग पुन्हा ढलपा. खाली भुयारात तर उभं राहायला जागाच नाही. पोटावर सरकत, कोपरावर भार देत खणायचं. खडू पांढरा असल्यामुळे विहिरीतून आलेला उजेड थोडा आतपर्यंत परावर्तित होतो, तेवढाच आधार. आणि भुयारांतून निघालेला खडू पुन्हा वर कशाला वाहायचा? तो रिकाम्या झालेल्या भुयारांत, जुन्या विहिरींत भरत जायचे.

[दृश्य : भुयाराचं बुटकं तोंड. आत अंधार.]

एवढं कशासाठी? दगड चांगला म्हणून, हे उत्तर खरं आहे, पण मला ते पुरत नाही. रोजच्या तासणीला, साध्या सुरीला वरचा दगडही चालला असता. आसपासचे लोक तो वापरतही होते. शिवाय तांबं घेऊन येणारी माणसं फार लांब नव्हती, इ.स.पू. २४५० च्या आसपास धातू ब्रिटनमध्ये पोचला. मला वाटतं, खोलातून, कष्टानं, सगळ्यांनी मिळून काढलेल्या दगडाला काही वेगळं मोल होतं. पंढरीला बसनं जाता येत असताना माणसं पायी का जातात, हे ज्याला कळतं त्याला ही खाण समजायला अवघड जाऊ नये.

असं मोल होतं याची दुसरी खूण सॉमरसेटच्या दलदलीत आहे. तिथे स्वीट ट्रॅक नावाची लाकडी पायवाट १९७० मध्ये सापडली. ओकच्या फळ्यांवर पाय ठेवत दलदल ओलांडायची वाट. झाडांच्या खोडातली वर्षवलयं मोजून तिचं वर्ष अचूक काढता आलं : इ.स.पू. ३८०७ चा हिवाळा किंवा पुढचा वसंत. ग्राइम्स ग्रेव्हजपेक्षाही हजारभर वर्षं जुनी. त्या वाटेलगत चकमकीची एक कुऱ्हाड मिळाली. सुरेख, आणि एकदाही न वापरलेली. वाटेलगतच जेडाइट या हिरव्या दगडाची दुसरी, आल्प्स पर्वतातून आलेली. ज्या कुऱ्हाडींनी रान तोडून शेतं काढली, तशाच दोन कुऱ्हाडी कुणी पाण्यात ठेवून दिल्या. हातून पडल्या असतील असं मला वाटत नाही.

[दृश्य : घासून गुळगुळीत केलेली कुऱ्हाड. मग सार्सन नावाच्या कठीण वालुकाश्मावरच्या खाचा.]

कुऱ्हाड घडवणं हे वेगळंच काम. आधी गोट्यानं मोठे छिलके उडवायचे, मग शिंगाच्या हातोडीनं बारीक. एक घाव चुकला तर सगळी मेहनत दुभंगते. आकार आला की पाणी आणि वाळू घालून दगडावर घासायची, तासन् तास. विल्टशरमध्ये फायफील्ड डाउनच्या माळावर असा एक घासायचा दगड अजून आहे. जुन्या विहिरीच्या काठावर दोराचे घासे पडतात ना, तशा खोल, गुळगुळीत खाचा त्यावर आहेत. त्यांत बोट घातलं तर सहज सरकतं.

आज ग्राइम्स ग्रेव्हजची देखभाल इंग्लिश हेरिटेज ही संस्था करते. तिथल्या एका खाणीत नऊ मीटर खाली उतरता येतं. वर वारा असतो, चंडोल गात असतात. खाली गेलं की सगळे आवाज थांबतात.

ग्रीनवेल ज्या खाणीत उतरले होते, तिथलं एक भुयार मध्येच छत कोसळून बुजलेलं होतं. त्यांनी तो ढिगारा बाजूला केला. पलीकडे, भुयाराच्या टोकाशी, चकमक काढण्यासाठी पोखरलेली जागा जशीच्या तशी होती. तिच्या समोर शिंगाच्या दोन कुदळी पडल्या होत्या, मुठी भुयाराच्या तोंडाकडे आणि टोकं एकमेकींकडे केलेल्या. दोघांनी दिवसाचं काम संपवून, उद्या पुन्हा हाती घ्यायच्या म्हणून ठेवून दिल्यासारख्या.

कुदळींवर खडूचा ओला थर सुकून घट्ट झाला होता. त्या थरात बोटांचे ठसे होते.