ओळ खोडायला लागलेले सात महिने

(दृश्य: मोबाइलचा पडदा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप भराभर वर सरकताहेत. नावं आणि नंबर पुसट केलेले.)

एप्रिल २०२१. प्लाझ्मा हवाय, अर्जंट, असा निरोप ज्याच्या फोनवर आला नाही असा माणूस महाराष्ट्रात तेव्हा शोधूनही सापडला नसता. निरोपात रक्तगट असायचा, रुग्णालयाचं नाव असायचं, आणि शेवटी मुलाचा नाहीतर जावयाचा नंबर. कुणी ओळखीपाळखीतून कोविड होऊन बरे झालेल्यांची नावं गोळा करत होतं, कुणी दात्याच्या हातापाया पडून त्याला रक्तपेढीपर्यंत घेऊन जात होतं.

हा प्लाझ्मा, म्हणजे बऱ्या झालेल्याच्या रक्तातला द्रव भाग, मिळाला काय आणि न मिळाला काय, रुग्णाला फरक पडत नाही, असा निष्कर्ष त्याआधी सहा महिने छापून आलेला होता. आणि तो परक्यांनी काढलेला नव्हता. आपल्याच आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने काढला होता.

(दृश्य: रक्तपेढी. पिवळसर द्रवाची पिशवी.)

प्लाझ्मा देण्यामागचा विचार काही वेडगळ नव्हता. जो बरा झाला, त्याच्या रक्तात विषाणूशी लढणाऱ्या अँटिबॉडी असणार. त्या आजारी माणसाला दिल्या तर त्याला आयतं बळ मिळेल. घटसर्पावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच तत्त्वावर उपचार होत आले. १९१८च्या फ्लूच्या साथीतही डॉक्टरांनी हे करून पाहिलं होतं. म्हणून जून २०२०मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या उपचार प्रोटोकॉलमध्ये प्लाझ्माची एक ओळ आली. उपचार अजून तपासला जातोय, असं त्या ओळीच्या डोक्यावर लिहिलेलं होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने ‘प्लॅटिना’ हा प्रकल्प सुरू केला. जगातला सर्वांत मोठा प्लाझ्मा प्रयोग, अशी त्याची ओळख करून दिली गेली.

तिकडे आयसीएमआरची चाचणी एप्रिलपासूनच सुरू होती. नाव प्लॅसिड. देशभरातली ३९ रुग्णालयं, मध्यम आजाराचे ४६४ रुग्ण. कुणाला प्लाझ्मा द्यायचा आणि कुणाला नाही, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरत होतं. डॉक्टरांच्या मनाला तिथे वाव नव्हता. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ जणांपैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले. न मिळालेल्या २२९ जणांपैकी ४१. शेकडा एकोणीस आणि शेकडा अठरा. ऑक्टोबर २०२०मध्ये हे आकडे ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मग ती ओळ खोडली का गेली नाही?

(दृश्य: रात्रीचा वॉर्ड. मॉनिटरचे आवाज.)

एक शंका रास्त होती. या चाचणीत प्लाझ्मा देण्याआधी त्यात अँटिबॉडी किती आहेत हे मोजलेलं नव्हतं. कदाचित माल पातळ होता. नोव्हेंबरमध्ये आयसीएमआरने प्लाझ्माचा सरसकट वापर करू नका, अशी सूचना काढली. पण ओळ राहिली. जानेवारी २०२१मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल कळला. तिथे भरपूर अँटिबॉडी असलेलाच प्लाझ्मा निवडून वापरला होता आणि रुग्ण होते ११ हजार ५५८. दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण सारखंच, शेकडा २४. म्हणजे ती शंकाही फिटली. तरी २२ एप्रिलच्या राष्ट्रीय सूचनांत प्लाझ्मा होताच. सात दिवसांच्या आत द्या, अँटिबॉडी बघून द्या, अशा अटी तेवढ्या वाढल्या.

खरं कारण कागदाबाहेर होतं, असं मला वाटतं. रात्री दोन वाजता रुग्णाचा ऑक्सिजन खाली येतोय. बाहेर नातेवाईक विचारताहेत, अजून काही करता येईल का? डॉक्टरला ‘नाही’ म्हणवत नाही. प्रोटोकॉलमधली एक ओळ ‘हो’ म्हणायची मुभा देत असते. ती काढून घेणं म्हणजे वाईटपणा घेणं. समितीत बसणारेही शेवटी डॉक्टरच.

मे महिन्यात काही डॉक्टर आणि शास्त्रज्ञांनी सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांना पत्र लिहिलं. १७ मे २०२१ला प्लाझ्मा सूचनांमधून गेला. ऑक्टोबरपासून मोजलं तर जवळजवळ सात महिने झाले होते. दुसऱ्या लाटेचा कडेलोट त्या सात महिन्यांतच होऊन गेला.

(दृश्य: औषधाच्या गोळ्यांची साधी पट्टी.)

याच्या अगदी उलट एक गोष्ट आहे. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड. १६ जून २०२०ला ‘रिकव्हरी’ने जाहीर केलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने एकतृतीयांशाने कमी होतात. २७ जूनला आपल्या प्रोटोकॉलमध्ये ते दाखल झालं. अकरा दिवस! नवीन ओळ घालायची तर यंत्रणा धावते.

पण त्या ओळीचाही अर्धाच भाग खाली झिरपला. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही, त्यांना हे औषध देऊन फायदा नाही, हेही त्याच चाचणीत दिसलं होतं. दुसऱ्या लाटेत मात्र सौम्य ताप असलेल्यांनाही घरबसल्या स्टिरॉइड सुरू झाली. त्यात ज्यांची साखर आधीच आटोक्यात नव्हती, त्यांच्यावर पुढे म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराची वेळ आली. सूचना बरोबर होती. पोहोचताना तिच्यातला ‘कुणाला नको’ हा भाग गळून पडला. केंद्राचा प्रोटोकॉल, राज्याच्या टास्क फोर्सचा प्रोटोकॉल, रुग्णालयाचा स्वतःचा, आणि वर तारीख कापली गेलेला सूचनांचा कुठला तरी फोटो. यातलं कुठलं ताजं, हे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने केव्हा शोधायचं?

(दृश्य: ग्रंथालयातले जाडजूड संदर्भग्रंथ.)

शिळ्या सूचनांचा हा रोग कोविडने आणलेला नाही. २००१मध्ये अमेरिकेत एका सरकारी संस्थेच्या १७ मार्गदर्शक सूचना तपासल्या. तेरा जुन्या झालेल्या निघाल्या. निम्म्या सूचना साधारण पावणेसहा वर्षांत शिळ्या होतात, असा हिशोब संशोधकांनी मांडला आणि दर तीन वर्षांनी पाहणी करा म्हणून सुचवलं. जुनी पद्धत अशीच आहे. समिती नेमायची, प्रश्न ठरवायचे, सगळं संशोधन गोळा करायचं, वाद घालायचे, छापायचं. मग सगळे आपापल्या कामाला. पुढची समिती नेमली जाईपर्यंत पुस्तक कपाटात.

कोविडच्या काळात काही ठिकाणी ही रीत मोडली. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२०पासून आपल्या सूचना दर आठवड्याला तपासायला घेतल्या. सप्टेंबरपासून जागतिक आरोग्य संघटनेनेही ‘लिव्हिंग गाइडलाइन’ सुरू केली. जिवंत सूचना म्हणू या. यात सगळं पुस्तक पुन्हा लिहीत बसत नाहीत. एकेका शिफारशीवर पाळत ठेवतात. महत्त्वाची चाचणी आली की तेवढीच शिफारस मंडळापुढे जाते. मंडळात डॉक्टरांच्या बरोबरीने आजारातून उठलेले रुग्णही बसतात. शिफारशीपुढे ती किती ठाम आहे ते लिहायचं आणि कुठल्या पुराव्यावर उभी आहे तेही. पुरावा कच्चा असेल तर तसं म्हणायचं. आधारच लिहून ठेवलेला असला, की तो गेल्यावर ओळ काढायला कुणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

(दृश्य: रेमडेसिव्हिरची कुपी, जवळून.)

ही पद्धत कशी चालते ते याच एका कुपीवरून दिसतं. नोव्हेंबर २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं: रुग्णालयात दाखल रुग्णांना रेमडेसिव्हिर हे विषाणूविरोधी औषध नको. शिफारस सशर्त होती, कारण पुरावा पक्का नव्हता. आपल्याकडे पुढच्या एप्रिलमध्ये याच कुपीसाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या आणि काळाबाजार झाला. मग नवे पुरावे आले. एप्रिल २०२२मध्ये तीच संघटना म्हणाली: आजार सौम्य असेल पण पुढे दाखल व्हावं लागण्याचा धोका मोठा असेल, तर द्या. सप्टेंबर २०२२: गंभीर रुग्णांना द्या, अत्यवस्थ असतील त्यांना नको.

(दृश्य: सूचनेचं पहिलं पान. कॅमेरा हळूहळू वरच्या कोपऱ्यातल्या तारखेवर जातो आणि तिथेच थांबतो.)