चुंबळ : इला भट्ट यांच्या स्मरणार्थ, हर्णै बंदरावरून

(गुडघाभर पाण्यात उभी बैलगाडी. मागे सुवर्णदुर्गाची तटबंदी.)

दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावर मोठ्या नौका खोल पाण्यातच थांबतात. त्यांवरची मासळी होडीतून आणि पुढे बैलगाडीतून किनाऱ्याला येते, आणि वाळूवर उतरली की तिच्याभोवती पहिले कडे पडते ते बायकांचे.

पडद्यावर दिसणारी ही बाई आधी बांगड्याचे कल्ले उघडून पाहते, पोटावर बोट दाबते आणि मगच बोली लावते. एकटीला परवडणार नाही असा ढीग तिघी-चौघी मिळून घेतात, तिथेच त्याचे वाटे पाडतात आणि बर्फ फोडून पाटीत थरावर थर लावतात. त्यानंतर जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून, गोल वळवून ती चुंबळ करते, डोक्यावर बसवते आणि पाटी चढवून घेते. भरलेली पाटी एकटीने चढवता येत नाही, त्याला दुसरीचा हात लागतोच. हे आमच्या ध्यानात आले ते चित्रफीत दुसऱ्यांदा पाहताना.

या बाईचा मालक कोण?

(चुंबळीवर स्थिर कॅमेरा.)

अहमदाबादेत हाच प्रश्न सरकारी कचेरीत विचारला गेला होता. इला भट्ट, म्हणजे ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना उभारणाऱ्या इलाबेन, कायदा शिकलेल्या होत्या, काही काळ मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात त्यांनी इंग्रजी शिकवले, आणि १९५५ मध्ये त्या गिरणी कामगारांच्या मजूर महाजन संघात दाखल झाल्या. पुढे तिथला महिला विभाग त्यांच्याकडे आला. १९७१ मध्ये कापडबाजारात डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या बायका त्यांच्याकडे आपले गाऱ्हाणे घेऊन आल्या. इलाबेननी ते वर्तमानपत्रात मांडले. आम्ही या बायकांना योग्य तीच मजुरी देतो, असे उत्तर व्यापाऱ्यांनीही छापून आणले. महिला विभागाने ते उत्तर खोडत बसण्याऐवजी व्यापाऱ्यांचे दावे कार्डांवर छापून घेतले आणि गठ्ठे वाहणाऱ्या बायकांच्याच हाती दिले. व्यापाऱ्याचा शब्द त्याच्याच दुकानात, त्याच्याच समोर धरायचा. आम्हांला त्यांच्या साऱ्या कामात ही युक्ती सर्वांत आवडली.

अशा बायकांना घेऊन इलाबेननी ‘सेवा’ काढली. तिची कामगार संघटना म्हणून नोंदणी करायची वेळ आली, तेव्हा कामगार खात्याने अडवले. मालकच नाही, तर या बायका भांडणार कोणाशी, असा सवाल होता. संघटना मालकाशी भांडण्यासाठीच असते असे नाही, कष्ट करणाऱ्यांनी एकत्र येण्यासाठीही असते, हे पटवून देण्यात महिने गेले आणि एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली. १९७४ मध्ये चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. कागदपत्रांवर सह्या हव्या होत्या आणि पुढे आलेल्यांपैकी बहुतेकींना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांनी रात्रभर बसून आपापली नावे गिरवली. खातेदार ओळखू यावी यासाठी पासबुकावर छायाचित्र आले. त्यात खातेक्रमांक लिहिलेली पाटी हातात धरलेली बाई दिसते.

१९९६ चा घरबसल्या काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आणि २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा, या दोन्हींमागे ‘सेवा’चा दीर्घ पाठपुरावा होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी इलाबेन गेल्या, तेव्हा सभासदसंख्या वीस लाखांच्या पुढे होती. अहमदाबादला आमचा कॅमेरा गेला नाही. आमच्यापाशी आहे ते हे बंदर.

(रिकामी वाळू. पावसाळी आकाश. शाकारलेल्या नौका.)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. लिलाव थांबतो, आणि उन्हात आधीच वाळवून ठेवलेला जवळा, बोंबील, बांगडा यांवर घर चालते. किनाऱ्यावर ओढलेल्या प्रत्येक नौकेच्या अंगावर नोंदणी क्रमांक रंगवलेला दिसतो. लिलावात ताठ मानेने बोली लावणाऱ्या बाईच्या डोक्यावरच्या पाटीला असा कोणताही क्रमांक नाही, आणि मालक कोण हा प्रश्न तिला कोणी विचारायलाही आलेले नाही.

(एसटीचा थांबा. हंगामातली संध्याकाळ.)

पाटी रिकामी झाली आहे. ती चुंबळ डोक्यावरून काढते, पीळ उलगडून फडका झटकते, त्यालाच हात पुसते आणि घडी घालून कमरेला खोचते. उद्या दुपारी पुन्हा लिलाव आहे.