बॅटरी बदलण्याआधी मोजा

मंडळी, पावसाळ्यात सकाळी गाडीनं सेल्फ घेतला नाही की आपण थेट निकाल देतो, ‘बॅटरी गेली’. काही वेळा ते खरंही असतं. एप्रिल-मेच्या उन्हात बॉनेटखाली भाजून निघालेली बॅटरी जूनमध्ये वायपर, हेडलाइट, ब्लोअर एकदम चालू झाले की मान टाकते. पण नवी बॅटरी टाकून महिन्याभरात ती पुन्हा उतरली, तर दोष दुसरीकडेच होता, हे पैसे गेल्यावर कळतं. म्हणून माझा आग्रह एकच आहे, आधी मोजा. पुण्याच्या तापकीर गल्लीत साधा डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि तेवढा पुरतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चावी लावायच्या आधी, बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावा. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, आणि ११.८ म्हणजे उतरलेलीच. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही आकड्यावर नजर ठेवा. भरलेली बॅटरी सेल्फच्या वेळी ९.६ च्या खाली जात असेल, तर तिच्यावर संशय घ्यायला जागा आहे. उतरलेल्या बॅटरीवर ही परीक्षा घेऊ नका, आधी ती चार्ज करा.

इंजिन चालू झालं की बॅटरीवर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. आकडा १२.५ वरून हळूहळू खाली सरकत असेल, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, काही देत नाही. पण अलीकडच्या अनेक गाड्यांत इंधन वाचवायला संगणक चार्जिंग मुद्दाम कमी करतो, तेव्हा १२.९ पाहून घाबरू नका. हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण चालू करून पुन्हा बघा. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल, तर बाहेरचा चार्जर लावताना त्याची निगेटिव्ह क्लिप बॅटरीला न लावता बॉडीच्या अर्थिंगला लावा, नाहीतर किती करंट आत गेला याचा हिशेब गाडीला लागत नाही.

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, त्यावर थोडा वेळ घालवतो. अल्टरनेटर चांगला, बॅटरी चांगली, तरी चार्जिंग कमी. अशा वेळी मधली तार बघा. इंजिन चालू, लाइट चालू, ब्लोअर चालू. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. फॅन आणि बेल्टपासून हात आणि वायरी लांब ठेवा. इथे ०.२-०.३ व्होल्टच्या वर काही दिसलं, तर वाटेत कुठेतरी व्होल्टेज गळतंय. तसंच अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावरून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा.

एका गाडीत या अर्थिंगच्या बाजूला ०.८ व्होल्ट निघाले होते. मालकाची बॅटरी दोनदा बदलून झाली होती. इंजिनपासून बॉडीला जाणारी विणलेली पट्टी वरून साफ दिसत होती. बोल्ट सोडला तेव्हा खालच्या रिंगजवळ हिरवट गंज होता आणि थोडेच तारधागे शाबूत होते. ओहमवर, म्हणजे रोध मोजायला, मीटर लावला असता तर पट्टी ठीकच वाटली असती, कारण मीटर जेमतेम मिलिअँपिअर सोडतो. पण ६० अँपिअर जात असताना ०.०१ ओहमसुद्धा ०.६ व्होल्ट खातो. म्हणून तार नेहमी लोडवर तपासायची.

बेल्ट ढिला असेल तर लोड टाकताच तो किंचाळतो, ते कानालाच कळतं. अल्टरनेटरमधला डायोड (एसीचं डीसी करणारा भाग) गेल्याचा संशय असेल तर मीटर एसी व्होल्टवर करा. बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसणं बरं लक्षण नव्हे. आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो : इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘चार्जिंग बघू’ नका. त्या क्षणी व्होल्टेजची जी उसळी येते, ती गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जाळू शकते.

राहिला प्रश्न उभ्या गाडीत बॅटरी उतरण्याचा. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा, सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, झोपू द्या. मग बॅटरीतून जाणारा करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. जास्त असेल तर फ्यूज उपटत बसू नका, त्यानं झोपलेले मॉड्यूल पुन्हा जागे होतात. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे बिंदू असतात, तिथे मीटर मिलिव्होल्टवर ठेवून टेकवा. शून्य म्हणजे त्या फ्यूजमधून करंट जात नाही. जिथे एखाद-दोन दशांश मिलिव्होल्ट दिसतील, त्या वाटेवर आधी बाहेरून बसवलेलं काही आहे का ते शोधा : डॅशकॅम, जीपीएस, अँप्लिफायर. घरी जाल तेव्हा आपापल्या गाडीचे रात्रभर उभी राहिल्यानंतरचे आणि इंजिन चालू असतानाचे, असे दोन आकडे डायरीत टिपून ठेवा. पुढे कधी तक्रार आली, तर तुलना करायला तुमच्या गाडीचा स्वतःचा आकडा हाताशी असेल.